कागदी मॅन्युअल बंद करून यंत्रावर फक्त क्यूआर कोड लावला तर चालेल का?

निळी शाई

नमस्कार मंडळी,

टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली लाकूड कापायची गोल करवत, बनवणाऱ्या कंपनीत मी मॅन्युअल लिहिते. युरोपात जाणाऱ्या मॉडेलांचं सगळं लिखाण माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात बैठकीत ठरलं की पुढच्या लॉटपासून खोक्यात पुस्तक टाकायचं नाही. यंत्रावर क्यूआर कोडचा स्टिकर लावायचा, तो स्कॅन केला की पीडीएफ उघडेल. कारणं खोटी नाहीत. छपाईचा खर्च आहे, एक स्क्रू बदलला तरी छापलेला गठ्ठा बाद होतो, आणि इतक्या भाषा एकत्र बांधल्यामुळे पुस्तक एवढं जाड होतं की कुणी हातात धरत नाही.

कायद्याचं म्हणाल तर युरोपचा यंत्रांविषयीचा जुना निर्देश २००६/४२ जाऊन त्या जागी नवा विनियम २०२३/१२३० येतोय. तो २० जानेवारी २०२७ पासून लागू होईल. जुन्यात सुरक्षेच्या सूचना कागदावरच हव्यात असा अर्थ लावला जायचा, नव्यात डिजिटल सूचनांना उघड परवानगी आहे. बैठकीत तेवढंच एक वाक्य वाचून दाखवलं गेलं.

माझं मन मात्र तयार होत नाहीये. कापताना फळीची चीर मागे मिटली तर ब्लेडचे मागचे दात फळी उचलतात आणि ती थेट चालवणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते. हे टाळायला ब्लेडच्या मागे रायव्हिंग नाइफ, म्हणजे चीर उघडी ठेवणारी धातूची पट्टी, असते. ती कशी बसवायची, कधीही का काढायची नाही, हे मी दरवेळी जीव ओतून लिहिते. ते पान कुणाच्या फोनमध्ये कधी उघडलंच नाही तर?

कायदा आणि अनुभव, दोन्ही बाजूंनी सांगा.

फोरमन काका

तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. कागद हवाच.

एक प्रसंग सांगतो. रात्रपाळीला एका प्रेसमध्ये माल अडकला. ऑपरेटर नवा, पण शिस्तीचा. त्याने मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, टॅग अडकवला. आता माल काढायच्या आधी हायड्रॉलिक लाइनमध्ये कोंडलेला दाब सोडायला हवा. तो कसा सोडायचा हे लिहिलेलं कुठे, तर यंत्राच्याच टचस्क्रीनवर. आणि स्क्रीन काळी, कारण वीज त्यानेच तोडलेली. सूचना वाचायची तर कुलूप काढून वीज परत द्यायची, म्हणजे ज्याच्यापासून वाचायचं तेच जिवंत करायचं. पोरगा धावत माझ्याकडे आला, मी व्हॉल्व्ह दाखवला, निभावलं. मी त्या रात्री रजेवर असतो तर त्याने काय केलं असतं, हे अजून मनातून जात नाही.

शिवाय बऱ्याच कारखान्यांत फोन गेटवर जमा करावे लागतात. हातात तेलकट हातमोजे. असा माणूस कुठून स्कॅन करणार?

मोठा टाइप

काका, तुमचा प्रसंग वाचून काटा आला, पण तो यंत्राच्या स्क्रीनवरच्या मॅन्युअलचा दोष आहे. फोनवर आधीच उतरवून ठेवलेली पीडीएफ वीज गेल्याने बंद पडत नाही.

मी डिजिटलच्या बाजूने बोलणार आहे, कारण माझे डोळे. चाळिशीनंतर छापील मॅन्युअलचा बारीक टाइप मला भिंगाशिवाय दिसत नाही. फोनवर दोन बोटांनी अक्षर मोठं करते. माझ्या एका मैत्रिणीला अजिबात दिसत नाही, ती स्क्रीन रीडर लावून अख्खं मॅन्युअल ऐकते. छापील पुस्तक तिच्या दृष्टीने कोरं. सुरक्षेची सूचना सगळ्यांसाठी असेल तर तिचाही विचार करायला हवा ना?

आणि शोध! 'एरर ७' म्हणजे काय हे १२० पानांत शोधण्यापेक्षा टाइप करून दोन सेकंदांत सापडतं.

रानवाट

+१. आमच्याकडे सगळी मॅन्युअलं साहेबांच्या कपाटात कुलूपबंद. कागद असूनही नसल्यासारखा.

अनुवादिनी

दोन्ही बाजूंनी होरपळलेली आहे मी, म्हणून सविस्तर लिहिते.

एका यंत्राच्या मॅन्युअलचा मराठी अनुवाद माझ्याकडे होता. मी लिहिलं होतं, 'गार्ड लावल्याशिवाय यंत्र चालू करू नका.' पानाची जुळवणी करताना कुणीतरी दुरुस्ती म्हणून हात लावला आणि छापून आलं, 'गार्ड काढल्याशिवाय यंत्र चालू करू नका.' एक शब्द! अर्थ बरोब्बर उलटा. अंतिम प्रूफ मला दाखवलंच नव्हतं. लक्षात आलं तोवर पेट्या निघून गेल्या होत्या. संकेतस्थळावरची फाइल त्याच दुपारी दुरुस्त झाली. कागदासाठी शुद्धिपत्र छापून प्रत्येक ग्राहकाला पाठवावं लागलं, आणि ते किती जणांनी पुस्तकात चिकटवलं असेल, देव जाणे. त्या दिवशी मी मनापासून डिजिटलची झाले.

पण डिजिटलची दुसरी बाजूही मीच पाहिली. फाइल बदलली की जुनी पुसून टाकायची सवय लागते. मग पाच वर्षांपूर्वीचं यंत्र घेतलेल्या माणसाला आजच्या मॉडेलचं मॅन्युअल मिळतं, त्यात बटणाची जागाच वेगळी. निळी शाई, तुमच्या स्टिकरवरचा कोड नुसत्या 'मॉडेल'कडे नेतो की त्या अनुक्रमांकाच्या यंत्राकडे? हे आधी विचारा.

युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत, त्यामुळे पुस्तक जाड होणारच. ज्या देशात विकता तिथली भाषा लागते, सगळ्या एकाच बांधणीत कोंबायची सक्ती नाही. आणि जुन्या निर्देशाप्रमाणे मूळ प्रतीवर 'मूळ सूचना' आणि अनुवादावर 'मूळ सूचनांचा अनुवाद' असं छापावं लागतं. ही ओळ कितीदा गळलेली मी पाहिली आहे.

कलमबहाद्दर

बैठकीत एकच वाक्य वाचलं गेलं म्हणता, तर पुढची मी सांगतो. विनियमाच्या १०व्या कलमाचा ७वा परिच्छेद उघडा.

डिजिटल सूचना द्या, हरकत नाही. पण त्या कशा मिळवायच्या हे यंत्रावर, आणि ते जमत नसेल तर वेष्टनावर किंवा सोबतच्या कागदावर लिहिलेलं हवं. फाइल छापता आली पाहिजे, उतरवून स्वतःच्या उपकरणावर साठवता आली पाहिजे, म्हणजे ती कायम हाताशी राहील, विशेषतः यंत्र बंद पडलेलं असताना. फोरमन काकांच्या रात्रपाळीची काळजी त्या वाक्यात आहे. यंत्राच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युअल असेल तरी ही अट लागू आहे.

मग मुदत. यंत्राचं जेवढं आयुष्य अपेक्षित आहे तेवढा काळ, आणि बाजारात आणल्यापासून निदान १० वर्षं ती ऑनलाइन उपलब्ध ठेवायची. ग्राहकाने खरेदीच्या वेळी कागदी प्रत मागितली तर ती एका महिन्याच्या आत, फुकट द्यायची.

आणि आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र बिगर-व्यावसायिक वापरणाऱ्यांसाठी असेल, किंवा तसं नसूनही असे लोक ते वापरतील हे रास्तपणे दिसत असेल, तर ते सुरू करायला आणि सुरक्षित वापरायला अत्यावश्यक असलेली सुरक्षा-माहिती कागदावरच द्यावी लागते. टेबल सॉ हौशी माणूस घरी वापरणार नाही असं तुमची कंपनी म्हणू शकते का?

निळी शाई

नाही म्हणू शकत. आमचं छोटं मॉडेल हौशी लोकच जास्त घेतात. मोठं आम्ही 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' म्हणून विकतो, पण तेही घरच्या शेडमध्ये लावल्याचे फोटो ग्राहक स्वतःच पाठवतात.

कलमबहाद्दर

मग ते फोटोच पुरावा आहेत. 'आमचा तसा उद्देश नव्हता' हे पुरणार नाही, वाक्यात 'उद्देश नसला तरी' असं स्पष्ट आहे. दोन्ही मॉडेलांसाठी कागद धरा.

तारतंत्री

१० वर्षं हा आकडा वाचायला सोपा, निभवायला अवघड. मी सर्व्हरवाला माणूस, माझं सगळं लक्ष तिकडेच जातं.

आमच्या एका ग्राहक कंपनीने क्यूआर कोड बनवायला फुकटची सेवा वापरली. तो कोड त्या सेवेच्या पत्त्यावरून फिरून कंपनीच्या फाइलकडे जायचा. सेवेने फुकट योजना बंद केली आणि बाजारात गेलेल्या सगळ्या यंत्रांवरचे स्टिकर एका रात्रीत मुके झाले. म्हणून कोडमध्ये पत्ता स्वतःच्या डोमेनचाच हवा, आणि त्या डोमेनचं नूतनीकरण कुणाच्या नावाच्या ईमेलवर नको. तो माणूस नोकरी सोडतो आणि स्मरणपत्रं रिकाम्या खोक्यात जातात.

फाइल पीडीएफ/ए प्रकारात ठेवा. दीर्घकाळ जपण्यासाठी बनवलेला तो प्रकार आहे, आयएसओ १९००५ मध्ये २००५ पासून आहे. फॉन्ट आतच बसवलेले असतात, त्यामुळे पुढे भलत्या यंत्रावर उघडली तरी जोडाक्षरं फुटत नाहीत. मराठीत तर हे फारच महत्त्वाचं.

क्यूआर कोडला चुका भरून काढायच्या चार पातळ्या असतात. सगळ्यात खालच्या एल पातळीत साधारण ७ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो, सगळ्यात वरच्या एच पातळीत साधारण ३० टक्के. करवतीवर भुसा, डिंक, ओरखडे हे सगळं येणार, तेव्हा एच घ्या. कोड जरा दाट होतो, म्हणून आकार मोठा ठेवा आणि भोवती चार चौकटींएवढी कोरी जागा सोडा. ती कोरी जागा डिझायनर मंडळी हमखास खाऊन टाकतात. अनुवादिनींनी विचारलेल्या अनुक्रमांकाच्या प्रश्नाला आयईसी ६१४०६ हे मानक पाहा, प्रत्येक नगाला स्वतंत्र दुवा कसा द्यायचा ते त्यात आहे.

जुना बाजार

मी जुनी यंत्रं विकत घेऊन दुरुस्त करतो. जुन्या यंत्राबरोबर पुस्तक जवळजवळ कधीच येत नाही. पहिल्या मालकाकडेच हरवलेलं असतं. पत्ता मात्र यंत्राला चिकटून येतो. एका प्लेनरवरच्या धातूच्या पट्टीवर नुसता संकेतस्थळाचा पत्ता कोरलेला होता, त्यावरून मला ब्लेड बदलायची पद्धत मिळाली आणि बोटं शाबूत राहिली. म्हणून म्हणतो, निळी शाई, कागद द्याच, पण स्टिकर काढू नका. आणि कोडखाली पत्ता अक्षरांतही छापा.

रुग्णकक्ष

वैद्यकीय उपकरणांत हा वाद बराच आधी येऊन गेला. युरोपने २०१२ सालीच २०७/२०१२ या विनियमाने काही उपकरणांसाठी इलेक्ट्रॉनिक सूचना चालतील असं म्हटलं, मग २०२१ मध्ये २०२१/२२२६ आला, आणि २०२५ मध्ये व्याप्ती आणखी वाढवली. पण गाभा तोच राहिला: व्यावसायिकांनी वापरायची उपकरणं, आधी निर्मात्याने लेखी जोखीम-मूल्यांकन करायचं, आणि रुग्णालयाने कागद मागितला तर ७ दिवसांत मोफत. शरीरात बसवायच्या उपकरणांच्या सूचना १५ वर्षं संकेतस्थळावर ठेवायच्या.

त्या जोखीम-मूल्यांकनाबद्दल थोडं बोलते, कारण तुम्हालाही ते उपयोगी पडेल. त्यात असे प्रश्न असतात: वापरणाऱ्याकडे इंटरनेट आणि उपकरण खरंच आहे का? संकेतस्थळ तात्पुरतं बंद असेल तर, विशेषतः आणीबाणीत, काय? आमच्या एमआरआयच्या खोलीत फोन नेताच येत नाही, चुंबक त्याला सोडत नाही. तिथे आणीबाणीची सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेलीच असते. आम्ही सगळी मॅन्युअलं डिजिटल केली, ते पान मात्र भिंतीवरच राहिलं.

रसायन

@रुग्णकक्ष, आमच्याकडे स्फोटक वायू असू शकतो अशा क्षेत्रातही साधा फोन बंदी. यंत्र आत, क्यूआर आत, फोन बाहेर. स्कॅन करायचं कसं?

रसायनांच्या सुरक्षा-पत्रकांचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा १९१०.१२०० हा नियम म्हणतो की पत्रक इलेक्ट्रॉनिक ठेवा, पण कामगाराला त्याच्या पाळीत, त्याच्या कामाच्या जागी, लगेच मिळायला कुठलाही अडथळा नको. पासवर्ड लागत असेल आणि तो फक्त सुपरवायझरला माहीत असेल, तर तोही अडथळाच.

उंच भरारी

जरा अवांतर, पण विषयाशी जोडलेलं. वैमानिकांच्या जड बॅगा गेल्या आणि टॅब्लेट आले, तेव्हा हीच चर्चा विमान क्षेत्रात झाली. नकाशे, कार्यपद्धती असं सगळं मिळून एका बॅगेचं वजन १५ किलोच्या आसपास असायचं. वजन वाचलं, आणि दर काही दिवसांनी पानं बदलत बसायचं कंटाळवाणं काम वाचलं. ते काम हाताने करताना एखादं पान चुकणं ही खरी जोखीम होती, ती कमी झाली.

मग एप्रिल २०१५ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या टॅब्लेटवरचं नकाशांचं ॲप बंद पडलं आणि डझनावारी उड्डाणं खोळंबली. विमानं जमिनीवरच होती, थांबली, कुणाला इजा झाली नाही. थांबता येतं तिथे डिजिटल परवडतं असं मला त्यावरून वाटतं. फिरत्या ब्लेडपुढे उभ्या माणसाला थांबून फाइल उघडायला वेळ नसतो.

पायाभूत

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते कुणाला दुखवायला नाही. फळी अंगावर येताना कागदही कुणी उघडत नाही.

यंत्रांच्या सुरक्षेचं मूळ मानक आयएसओ १२१०० तीन पायऱ्या सांगतं. आधी रचनेतच धोका काढा. जो उरेल त्याला गार्ड, इंटरलॉक (गार्ड उघडला की यंत्र थांबवणारी जोडणी) अशी संरक्षणं लावा. तरीही जो उरेल त्याची माहिती द्या. मॅन्युअल तिसऱ्या पायरीवर आहे. रायव्हिंग नाइफ सहज निघत असेल आणि परत बसवायला पाना लागत असेल, तर लोक ती काढूनच ठेवणार, मॅन्युअल कागदी असो की फोनवर. निळी शाई, तुम्ही त्या पानावर जीव ओतता हे वाचून आदर वाटला. तोच जीव डिझाइनच्या बैठकीत घाला. नाइफ हाताने, अवजाराशिवाय बसवता येईल असं करा म्हणावं.

अनुवादिनी

@पायाभूत, पहिल्या दोन पायऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. तिसरीबद्दल नाही. माणूस सूचना अपघाताच्या क्षणी वाचत नाही, खोकं उघडताना वाचतो. तेव्हा वरच दोन पानं हाती आली तर नजर जाते. तेव्हा त्याला 'कोड स्कॅन करा' म्हटलं तर तो 'नंतर बघू' म्हणतो. कागदाची खरी वेळ तीच.

मुलांची आई

बटण-सेल असलेल्या वस्तूंचं उदाहरण बघा. मुलाने तो छोटा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकेत २०२२ साली यासाठी वेगळा कायदा झाला आणि इशारा वेष्टनावरच छापायला लावला. आईबाप दुकानातून आल्या आल्या कोड स्कॅन करत बसत नाहीत. आपल्या घरातला रिमोट, खेळणी, वजनकाटा उघडून बघा, सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का.

मोठा टाइप

आत्ताच उठून बघितलं. वजनकाट्याला स्क्रू नाही. वरच्या कपाटात ठेवला. धन्यवाद ताई.

अनुवादिनींचं 'खोकं उघडताना' पटलं. मी डिजिटल सोडणार नाही, पण ती दोन पानं हवीत. फक्त ती मोठ्या टाइपात छापा, एवढीच विनंती.

फोरमन काका

मीही थोडा सरकतो. सुटे भाग, वायरिंग डायग्राम, ग्रीसिंगचं वेळापत्रक फोनवर चालेल. कुणी १०० पानं भिंतीला लावत नाही.

निळी शाई

दोन दिवस गप्प होते, कारण इथलं सगळं छापून घेऊन बैठकीला गेले होते.

कलम १०मधलं कागदाविषयीचं वाक्य वाचून दाखवल्यावर फार वाद झालाच नाही. ठरलं ते असं: खोक्यात अगदी वर, आत दडलेली नाही, अशी आठ पानांची कागदी पुस्तिका, ज्या देशात माल जातो त्या देशाच्या भाषेत. बाकीचं संपूर्ण मॅन्युअल डिजिटल. कोड एच पातळीचा, आमच्याच डोमेनचा, अनुक्रमांकानुसार, खाली पत्ता अक्षरांत. जुन्या आवृत्त्या पुसायच्या नाहीत. संपूर्ण कागदी प्रत मागणाऱ्याला ती पाठवायची जबाबदारी विक्री विभागाने घेतली.

पायाभूत, तुमचा मुद्दाही मांडला. डिझाइनवाल्यांनी नाइफचा क्लॅम्प हाताने फिरवायच्या नॉबचा करून बघायचं मान्य केलंय. नमुना होईपर्यंत माझा विश्वास नाही, पण पाठपुरावा मी सोडणार नाही.

आठ पानांत काय घ्यायचं यावर मात्र अडले आहे. आत्ता आहे ते: यंत्र कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, नाइफ आणि गार्ड बसवणं, कुंपण (फळी टेकवून सरकवायची पट्टी) ब्लेडला समांतर लावणं, पुश स्टिक (फळी ढकलायची काठी) कधी घ्यायची, फळी उसळते ती का आणि उभं कुठे राहायचं, ब्लेड बदलण्याआधी प्लग काढणं, कान-डोळे-धूळ यांचं संरक्षण. काही सुटलंय का?

जुना बाजार

स्विच बंद केल्यावर ब्लेड पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात ते लिहा. लोक आवाज कमी झाला की हात घालतात.

रुग्णकक्ष

हातमोज्यांचं लिहा. ब्लेड फिरत असताना घालू नयेत, ब्लेड बदलताना घालावेत. लोक नेमकं उलट करतात.

फोरमन काका

मजकूर बरोबर आहे पोरी. एकच मागणं. पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात भोक पाड आणि यंत्राच्या बाजूला हुक दे. टांगलेली पुस्तिका टिकते, खणात ठेवलेली भुशाखाली जाते. आणि कागद तेल न पिणारा घे.

निळी शाई

तिन्ही घेते. थांबायचे सेकंद चाचणी विभागाकडून मोजून मागवलेत, अंदाजाने लिहिणार नाही. भोक वरच्या डाव्या कोपऱ्यात पाडायचं म्हणजे पहिल्या पानावरचं चित्र बोटभर खाली सरकवावं लागेल. जागा आहे, सरकवते.